सांगता येत नाही की सांगायचं नाही? कर्मचाऱ्यांची क्षमता आणि नॉलेज शेअरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात बरीच वर्षं काढली, आधी प्रॉडक्शनला, मग ट्रेनिंगला, आणि आता गोव्यातल्याच छोट्यामोठ्या कंपन्यांत, हॉटेलांत ट्रेनिंग घेत फिरतो. सेशन संपलं की चहाजवळ आणि मग रात्री व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढले. नावं मुद्दाम गाळलीत. सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

१. नॉलेज शेअरिंग म्हणजे नक्की काय हो? आमच्याकडे सगळं शेअर्ड ड्राइव्हवर टाकलेलं आहेच की.

ड्राइव्हवर टाकलं म्हणजे ठेवलं, दिलं नाही. समोरच्याला ते उचलून स्वतःच्या कामात वापरता आलं तर दिलं म्हणायचं. आणि ड्राइव्हवर जातं तरी काय, जे शब्दांत आकड्यांत मावतं तेवढंच, तापमान, वेळ, फॉर्म नंबर, व्हेंडरचा फोन. बाकीचं माणसाच्या हातात, कानात, नाकात असतं. मायकेल पोलान्यींनी १९६६ मध्ये हेच मांडलं की आपल्याला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. पटत नसेल तर आईला विचारा हुमणात, म्हणजे आपल्या माशांच्या आमटीत, तिरफळं किती घालायची, "मासळी बघून" असं उत्तर येईल. ती काही लपवत नाहीये, तिला खरंच तसंच माहीत आहे. पुढे नोनाका आणि ताकेउची या जपानी प्राध्यापकांनी १९९५ मध्ये हे न सांगितलेलं ज्ञान शब्दांत कसं येतं आणि परत हातात कसं मुरतं याची चार टप्प्यांची मांडणी केली, ट्रेनिंगवाले लोक तीच स्लाइड सगळीकडे दाखवतात, मीही दाखवतो.

२. पण यात क्षमतेचा काय संबंध? ज्याला सांगायचंय तो सांगतो, ज्याला नाही सांगायचं तो नाही सांगत. सगळा अॅटिट्यूडचा प्रश्न आहे.

हा प्रश्न नव्वद टक्के मॅनेजर लोकांकडून येतो (टक्केवारी माझ्या अंदाजाची, हसून सोडून द्या).

माहिती पुढे जायला तीन गोष्टी लागतात. सांगायची इच्छा, सांगायला वेळ आणि प्रसंग, आणि सांगता येण्याची क्षमता. २००८ मध्ये सीम्सन, रॉथ आणि बालसुब्रमण्यन या तिघांनी यावर पेपर लिहिला आणि त्यांचं म्हणणं मला फार पटतं, की या तिन्हींची बेरीज होत नाही, तिघींपैकी जी सगळ्यात कमी आहे तीच बाकीच्या दोघींना अडवून धरते. चोडणच्या फेरीवर कधी रांगेत उभे राहिला असाल तर लगेच कळेल. मागचा रस्ता रुंद करा, रांगेला पोलीस उभा करा, बोटीत गाड्या जेवढ्या मावतात तेवढ्याच मावणार. म्हणजे माणसाला सांगायची हौस आहे पण सांगता येत नाही, अशा वेळी तुम्ही त्याला मोटिव्हेशनचं लेक्चर दिलं तर तुम्ही रस्ता रुंद करताय. आधी कुठे अडलंय ते बघा, मग अॅटिट्यूडबद्दल बोलू. खरंच लपवणारेही असतात, त्यांच्यासाठी प्रश्न ६.

३. क्षमता म्हणजे काम येणं ना? की अजून काही?

काम येणं ही पहिली पायरी, त्याशिवाय सांगणार काय. पण माझ्या अनुभवात अडतं ते पुढच्या गोष्टींवर. आपण जे करतो ते तुकडे पाडून शब्दांत मांडता येणं, समोरच्याला किती कळलंय हे त्याच्या तोंडावरून ओळखता येणं, कुणाला याची गरज आहे हे लक्षात येणं (बरेच जण "मला वाटलं तुला माहीत असेल" म्हणतात आणि खोटं बोलत नसतात), आपण सांगितलेलं बरोबर आहे याची स्वतःला खात्री असणं. ही शेवटची फार दुर्लक्षित आहे. पंधरा वर्षं उत्तम काम करणारी बाई मीटिंगमध्ये गप्प बसते कारण तिला वाटतं आपण काय, बारावी झालेले, इंजिनियरसमोर काय बोलणार. आणि या सगळ्या देणाऱ्याच्या क्षमता झाल्या, घेणाऱ्याची वेगळीच, ती प्रश्न ५ मध्ये.

४. आमच्याकडचा सगळ्यात हुशार माणूसच सगळ्यात वाईट शिकवतो. असं का होतं?

कारण तो हुशार आहे म्हणून. गंमत नाही करत.

१९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक प्रयोग केला. काही जणांनी सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायची, बाकीच्यांनी ती ऐकून गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं ना, पेटीतबल्यासकट, आणि ऐकणाऱ्याला फक्त टकटक. तुमचा हुशार माणूस दिवसभर टकटक करतोय आणि त्याला कळत नाहीये की समोर गाणं पोचत नाहीये.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्याकडे ग्रॅन्युलेशनला एक काका होते. ग्रॅन्युलेशन म्हणजे गोळीची पावडर बाइंडर (कण एकत्र चिकटवणारा पदार्थ) घालून ओली मळायची, मोठ्या स्टीलच्या भांड्यात, खालून पंखा फिरतो. बॅच रेकॉर्डमध्ये लिहिलेलं असायचं मळायची वेळ तीन ते पाच मिनिटं, आणि मोटरचा करंट अमुक ते अमुक. या रेंजच्या आत नेमकं कधी थांबायचं ते ऑपरेटरने ठरवायचं. काकांची बॅच कधी बिघडायची नाही, दुसऱ्या शिफ्टची महिन्यातून एकदा तरी पुढे कॉम्प्रेशनला, म्हणजे पावडर दाबून गोळी करतात तिथे, जाऊन गोळीचं टोपण उडायचं, वरचा थर सुटायचा. मी दोन महिने काकांच्या मागे, काका तुम्ही कसं ठरवता, आणि काका दर वेळी "अनुभवान कळटा रे." मी चिडून वरती सांगून पण टाकलं की हा माणूस हातचं राखतोय.

मग एका नाइट शिफ्टला त्यांच्या शेजारी नुसता उभा राहिलो, काही न विचारता. आणि दिसलं की मीटरकडे बघायच्या आधी काकांची मान डावीकडे वळते, मशीनकडे कान जातो, आणि मग हात स्टॉपच्या बटणावर. मी म्हटलं, काका तुम्ही आवाज ऐकता! तर ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू त्यांनाच आत्ता कळलं. सुरुवातीला कोरडा खरखर आवाज, मग मऊ, मग एकदम धप धप जड, ते जड झालं की थांबायचं. मग ग्लोव्ह घातलेल्या मुठीत थोडं दाबून बघायचे, रव्याचा लाडू अंगठ्याने फोडला की कसा स्वच्छ दोन तुकड्यांत फुटतो तसं फुटलं तर झालं, भुगा झाला तर अजून पाहिजे, ग्लोव्हला चिकटलं तर हुकलं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही कारण आपण असं करतो हे त्यांनाच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी "हातचं राखतो" हा शब्द जपून वापरतो.

व्यवहाराचं सांगायचं तर, नवख्याला शिकवायला सगळ्यात वरचा माणूस बसवू नका, मधल्या फळीतला बसवा, तीनचार वर्षं झालेला. पामेला हाइंड्स यांनी १९९९ मध्ये दाखवलं की नवीन माणसाला एखादं काम शिकायला किती वेळ लागेल याचा अंदाज तज्ज्ञांपेक्षा मध्यम अनुभव असलेल्यांचा जास्त बरोबर येतो. त्यांना आपलं अडखळणं अजून आठवत असतं. तज्ज्ञाला शेवटी आणा, तिढा पडला की.

५. आम्ही सांगून सांगून थकलो, नवीन मुलं म्हणजे पालथा घडा. यात आमची काय चूक?

चूक कुणाचीच नसेल, पण घडा पालथा आहे की त्याला तळच अजून बसलेला नाही ते बघावं लागेल. नवीन माहिती आधीच्या माहितीला चिकटते, आधीचं काही नसेल तर घसरून जाते. कोहेन आणि लेविंथल यांनी १९९० मध्ये अख्ख्या कंपन्यांबद्दल हे मांडलं, की बाहेरचं ज्ञान ओळखायची, पचवायची आणि वापरायची ताकद ही आधी काय शिकून ठेवलंय त्यावर ठरते. आणि १९९६ मध्ये गॅब्रिएल झुलान्स्की यांनी आठ कंपन्यांमधली १२२ उदाहरणं तपासली, एका विभागातली चांगली पद्धत दुसरीकडे का जात नाही म्हणून, तर त्यांना सापडलेल्या मोठ्या अडचणी म्हणजे घेणाऱ्याला नवीन ते पचवता न येणं, ती पद्धत का चालते हेच नीट माहीत नसणं, आणि दोघांमधले ताणलेले संबंध. लोक इच्छा नाही म्हणून अडवतात हा जो सगळ्यांचा समज असतो तो एवढा मोठा निघालाच नाही.

म्हापशाला एका वकिलाच्या ऑफिसचं उदाहरण देतो. तिथले जुने क्लार्क पोर्तुगीज दस्त वाचतात, जमिनीच्या केसेसमध्ये १९६१ च्या आधीचे कागद पोर्तुगीजमध्येच असतात आणि ते वाचणारे आता हातावर मोजण्याइतके. वकीलसाहेबांनी दोन लॉ झालेल्या मुलींना त्यांच्याजवळ बसवलं, सहा महिने, काही उपयोग नाही. क्लार्कबाब बिचारे मनापासून सांगायचे, "हांगा बघ, हो शब्द, हाचो अर्थ हद्द." मुलींना अक्षर लागत नव्हतं, म्हणजे अक्षरशः, जुनी हाताची लिपी, तर अर्थ कुठून लागणार. मग मुलींना आधी पणजीत पोर्तुगीजच्या बेसिक क्लासला घातलं आणि त्यानंतर परत त्यांच्याजवळ बसवलं तेव्हा गाडी हलली. देणारा तोच, सांगणं तेच.

६. ठीक आहे, पण मुद्दाम लपवणारे असतातच ना?

असतात. कॅनडातल्या कॅथरीन कॉनली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याचे तीन प्रकार सांगितले आणि तिन्ही तुम्ही बघितलेले असणार. एक, टोलवणारा, "देतो रे, उद्या ये", आणि उद्या कधी उजाडत नाही. दुसरा वेड पांघरणारा, "मला काय माहीत, त्या सिस्टमचं मला कळत नाही." तिसरा कारण सांगून नाही म्हणणारा, "साहेबांनी सांगितलंय बाहेर द्यायचं नाही." तिसरा खरंही बोलत असू शकतो, त्याला लगेच खलनायक करू नका.

ओळखायचं कसं? मी एकच बघतो. माणूस दाखवायला तयार आहे का. ज्याला सांगता येत नाही तो "ये, उभा राहा शेजारी" म्हणतो, ज्याला सांगायचं नाही तो तुम्ही आलात की काम थांबवतो. आणि लपवणाऱ्याला लपवायचं कारण बहुतेक वेळा कंपनीनेच दिलेलं असतं. एकाला शिकवायला लावलं आणि शिकवून झाल्यावर त्याचीच बदली केली, हे एकदा झालं की पुढची दहा वर्षं त्या डिपार्टमेंटमध्ये कुणी तोंड उघडत नाही.

७. आमचे फोरमन तीन महिन्यांत रिटायर होतायत. त्यांच्याकडून सगळं लिहून घेता येईल का?

सगळं नाही. आणि त्यांना वही-पेन देऊन "तुमचा अनुभव लिहा" असं तर अजिबात सांगू नका, दोन पानं येतील आणि त्यातलं दीड पान एसओपीतलंच (काम कसं करायचं याच्या छापील सूचनांतलंच) असेल (का ते प्रश्न ४ मध्ये आलंय).

त्याऐवजी बिघाडांचे किस्से विचारा. शेवटचं कधी बंद पडलं होतं, आधी काय तपासलं, काय तपासलं नाही आणि का नाही. माणूस नियम सांगताना अडखळतो, किस्सा सांगताना सुटतो. दुसरं, नवीन माणसाला काम करू द्या आणि फोरमनना हात मागे बांधून उभे राहायला सांगा, ज्या क्षणी त्यांचा हात आपोआप पुढे येतो तिथे थांबायचं आणि विचारायचं, आत्ता काय दिसलं तुम्हाला? तिसरं, नोंद नवीन माणसाने लिहायची, जुन्याने खोडायची. उलटं करू नका.

आणि तीन महिन्यांतले दिवस मोजताना रजा वजा करा. चवथीत, म्हणजे गणपतीत, आठवडाभर कुणी हाताला लागणार नाही, शिल्लक राहिलेली रजा ते शेवटच्या महिन्यातच संपवणार. प्रत्यक्षात चाळीस दिवस धरा.

तीन महिने मिळतायत हेही नशीब म्हणा. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-सांगे भागातली मशीन चालवणारी, दुरुस्त करणारी, बार्जवरची माणसं मिळेल त्या कामाला पांगली, २०१८ मध्ये परत तेच. कुठलं नॉलेज ट्रान्सफर आणि कुठलं काय.

८. आमच्याकडे एसओपी इंग्रजीत, सुपरवायझर मराठीत बोलतो, ऑपरेटर कोकणी, हेल्पर हिंदी. यामुळे फरक पडतो का?

खूप पडतो, आणि तो पडतो हे कुणी मान्य करत नाही कारण "आमच्याकडे सगळ्यांना सगळ्या भाषा येतात" असा आपल्याला अभिमान असतो. येतात, खरं आहे. बाजारहाट करण्यापुरत्या येतात. पण बेअरिंगचा आवाज कसा बदलला हे सांगायला आपली भाषा लागते, आणि माणसाला ते इंग्रजीत सांगायला लावलं की तो "मशीन साउंड अॅबनॉर्मल" एवढं लिहून मोकळा होतो. लॉगबुक उघडून बघा, सगळीकडे तेच तीन शब्द असतील. पुढच्या शिफ्टवाल्याला त्यातून काय कळणार, घंटा?

इथे भाषा येण्याची क्षमता आणि कामाची क्षमता यांची गल्लत होते. अडखळत बोलणारा म्हणजे कमी जाणणारा असं आपण नकळत धरतो. सत्तरी तालुक्यातला एक मुलगा मला माहीत आहे, ट्रेनिंगच्या लेखी परीक्षेत दोनदा नापास, आणि युटिलिटीमध्ये चिलर बिघडला की इंजिनियर लोक गुपचूप त्यालाच बोलावतात. मी सांगतो की बोलू द्या त्याला त्याच्या भाषेत, फोनवर रेकॉर्ड करा, इंग्रजी मागाहून दुसरा कुणीतरी करेल.

९. हॉटेलात स्टाफ सीझनपुरता असतो, ऑक्टोबरला येतो आणि पावसाच्या आधी जातो. शिकवून उपयोग काय?

इथे क्षमता अडत नाही, वेळ आणि प्रसंग अडतो, म्हणजे प्रश्न २ मधली दुसरी गोष्ट. क्रिसमसच्या आठवड्यात कॅप्टनकडे नवीन वेटरशी बोलायला पाच मिनिटं नसतात. पण सीझन संपताना, एप्रिलच्या शेवटी, सगळ्यांकडे वेळ असतो आणि तेव्हाच तुम्ही त्यांना घरी पाठवता! जायच्या आधी प्रत्येकाकडून अर्धा तास घ्या, कुठला गेस्ट कशावरून चिडतो, कुठल्या रूमचा गीझर दगा देतो, पॉवर गेल्यावर आधी काय बंद करायचं. आणि परत येणाऱ्या माणसाला पुढच्या सीझनला थोडं जास्त द्या, तो आपल्याबरोबर काय घेऊन येतोय त्याचे पैसे म्हणून.

१०. शेअरिंग अप्रेझलमध्ये टाकलं, मार्क ठेवले तर?

एका कंपनीत ठेवले होते, महिन्याला दोन "नॉलेज नोट्स". महिनाअखेरीला दोनशे नोट्स जमायच्या, निम्म्या इंटरनेटवरून उचललेल्या, एक तर चक्क आरोग्यासाठी कोकम. ज्याची इच्छा कमी आहे त्याला मार्कांनी थोडा फरक पडतो, ज्याला मांडता येत नाही तो मार्क मिळवायला काहीतरी भरून देतो. मार्क द्यायचेच तर घेणाऱ्याला विचारून द्या, तुला कुणामुळे काम जमलं.

११. व्हॉट्सअॅप ग्रुप पुरेसा नाही का?

निरोपाला पुरेसा. शिकायला जेवणाचं टेबल बरं. ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्सच्या फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियन लोकांचा अभ्यास केला होता, त्यांना दिसलं की मॅन्युअलमध्ये नसलेले बिघाड हे लोक जेवताना, कॉफी पिताना एकमेकांना गोष्टी सांगून सोडवतात. तुमच्याकडे कॅन्टीनची वेळ कापून दोन बॅच केल्या असतील, एक शिफ्ट दुसऱ्या शिफ्टला भेटतच नसेल, तर ग्रुपवर गुड मॉर्निंगच येणार.

१२. मी ज्युनियर आहे पण एक्सेलमधलं मला सरांपेक्षा जास्त येतं. सांगायला गेले तर आगाऊपणा वाटतो. काय करू?

इथे तुझी क्षमता आहे, इच्छा आहे, पण बोललं तर काय होईल याची भीती आडवी येते. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीतल्या ५१ टीम्सवर याच भीतीचा अभ्यास केला, जिथे चूक कबूल करायला, प्रश्न विचारायला माणसं घाबरत नाहीत तिथे टीम जास्त शिकते असं निघालं. पण तुझ्या सरांनी तो पेपर वाचलेला नसणार. त्यामुळे चारचौघांत नको. "सर, हा रिपोर्ट मी असा करून बघितला, बरोबर आहे का बघाल?" असं विचार. सर बघतील, पाच मिनिटांनी हळूच विचारतील हे कसं केलं. आणि पुढच्या मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून सांगतील, ते मात्र सोसावं लागेल, निदान पहिल्यांदा.

१३. आमच्याकडे एकाच मॅडमना सगळं येतं, सगळे त्यांनाच विचारतात. हे चांगलं शेअरिंग म्हणायचं ना?

मॅडमना विचारा त्या किती वाजता घरी जातात. कुणाला काय येतं हे टीमला माहीत असणं हीसुद्धा एक क्षमता आहे, डॅनिएल वेग्नर यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं, नवराबायकोत जसं एकाला बिलांच्या तारखा आठवतात आणि दुसऱ्याला वाढदिवस. पण सगळ्याचंच उत्तर एक माणूस असेल तर ती टीमची आठवण नाही, मॅडमची आठवण आहे. सोपा उपाय म्हणजे मॅडमनी आठवड्यातून एक दिवस उत्तर न देता "हे अमक्याला विचार" एवढंच म्हणायचं. पहिले दोन आठवडे बोंब होते.

१४. शेअर करूच नये अशी काही माहिती असते का? गुप्त सोडून.

गुप्त सोडून म्हणताय ते बरं केलं, पगार, पेशंटची माहिती, फॉर्म्युला हे सगळ्यांना कळतं. न कळणारी भानगड वेगळी आहे, चुकीची युक्ती आणि ती उत्तम शिकवणारा माणूस.

आमच्याकडे कॉम्प्रेशनला एक ऑपरेटर होता, तरुण, बोलका, प्रश्न ३ मधल्या सगळ्या क्षमता त्याच्याकडे. हॉपरमधून (मशीनवरच्या पावडरच्या नरसाळ्यातून) पावडर खाली येईना की तो रबरी हातोड्याने बाजूला चार ठोके मारायचा, पावडर सुरू. त्याने हे सगळ्यांना शिकवलं, प्रेमाने, नीट, कुठे मारायचं किती जोरात मारायचं, आठवड्याभरात तिन्ही शिफ्टला हातोडा. प्रश्न ४ मधल्या काकांचा आवाजाचा कान पसरायला वर्ष लागलं, हे आठ दिवसांत. आणि ठोके मारले की पावडरमधले बारीक कण आणि जाड कण वेगळे व्हायला लागतात, म्हणजे एका गोळीत औषध जास्त, एकीत कमी. क्वालिटीवाल्यांना रिपोर्टमध्ये फरक दिसला, त्यांनी मशीन तपासलं, ग्रॅन्युल्स तपासली, सगळं नीट. हातोड्याबद्दल कुणी बोललंच नाही, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. पंधरा दिवसांनी एका ऑडिटरने भिंतीला टेकवलेला हातोडा बघून विचारलं हे कशाला.

त्या मुलाला काढलं नाही, ट्रेनर केला, एकच अट, नवीन काही शिकवायच्या आधी क्वालिटीच्या मॅडमना दाखवायचं. हातोडा स्टोअरमध्ये आहे. सही करून घ्यावा लागतो.